फळा भरतो, वही कोरी राहते : निबंधाआधीच्या विचारमंथनातला बिघाड कुठे शोधायचा

सोलापूरच्या पूर्व भागात मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते. वर्गात पन्नासच्या वर मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. निबंध लिहायला देण्याआधी विचारमंथन, म्हणजे विषयावर मुलांना जे सुचेल ते बोलू देऊन फळ्यावर मांडणं, घ्यायला लागले तेव्हापासून एकच बिघाड इतक्या वेळा पाहिला आहे, की एखाद्या नव्या शिक्षिकेचा फोन आला तर पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येतो. "मॅडम, तास छान रंगला. फळा गच्च भरला. पण लिहा म्हटलं आणि सगळी पेनं थांबली."

हा बिघाड दुरुस्त होतो आणि बहुतेक वेळा काहीही खर्च न करता होतो. मात्र तपासण्याचा क्रम चुकला की आपण भलतीकडेच शोधत बसतो आणि शेवटी "आमच्या मुलांना कल्पनाशक्तीच नाही" म्हणून विषय मिटवतो. आजवर मला अशी मुलं भेटलेली नाहीत. म्हणून माझा क्रम लिहून ठेवते. आधी फुकटातलं आणि दोन मिनिटांतलं, मग वेळ खाणारं, आणि सगळ्यात शेवटी जे आपल्या हातातलं नाही ते.

लक्षणं

तीच चार-पाच मुलं बोलतात, बहुतेक पुढच्या बाकांवरची. बाकीचा वर्ग फळ्याकडे बघत असतो, पण त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही.

सगळ्या वह्या एकसारख्या येतात. फळ्यावर आठ मुद्दे होते, तर वहीत आठ वाक्यं, तीही त्याच क्रमाने. तपासताना दहाव्या वहीनंतर डोळे पुढचं वाक्य आधीच वाचतात.

पहिली ओळ "पाणी म्हणजे जीवन" किंवा "भारत हा सणांचा देश आहे" अशी येते आणि तिथेच गाडी अडते. मग हात वर होतो, "बाई, पुढं काय लिवायचं?"

आणि मला सगळ्यात जास्त लागणारं लक्षण म्हणजे बोलताना जे रंगलं होतं ते वहीत येतच नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने रात्री दोनला नळ आला तेव्हा घरात काय धांदल उडाली ते असं सांगितलं होतं, की सगळा वर्ग वळून बघत होता. वहीत तिने लिहिलं, "पाण्याचा अपव्यय टाळला पाहिजे."

तुमच्या वर्गात यातलं कोणतं दिसतं ते आधी ठरवा. मोजकीच मुलं बोलत असतील तर दोष बहुधा सुरुवातीच्या तपासण्यांत सापडेल. बोलतात पण लिहीत नाहीत, असं असेल तर फळ्यापासून वहीपर्यंतच्या वाटेत सापडेल. एखादंच मूल सतत अडत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे, त्याबद्दल शेवटी लिहिते.

लेखनप्रकार विचारमंथनाचा आहे का?

ही तपासणी सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक जण हीच वगळतात. दहावीच्या उपयोजित लेखनात पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा असं बरंच काही येतं. त्या सगळ्याला एकच औषध चालत नाही. सारांशाला विचारमंथन घेतलं तर नुकसानच होतं. मजकूर समोर दिलेला असतो, मुलांनी त्यातलं वेचायचं असतं, आणि आपण त्यांना त्यात नसलेलं सुचवायला लावतो. मग सारांश मूळ उताऱ्यापेक्षा लांब होतो. बातमीला आधी कोण, कुठे, केव्हा, काय, हे लागतं, कल्पनांचा पाऊस लागत नाही. औपचारिक पत्रात सुचण्यापेक्षा मांडणी महत्त्वाची. विचारमंथन खरं उपयोगी पडतं ते प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन, कथा आणि जाहिरात यांना. पहिल्या तिन्हींत मुलाला मजकूर स्वतःतूनच काढावा लागतो.

घड्याळ बघा

प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत किती वेळ थांबता ते एकदा मोजा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1970च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून हे मोजलं होतं. शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, असं दिसलं. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली.

एका सेकंदात फक्त तयार उत्तर बाहेर येतं, आणि तयार उत्तर म्हणजे गाईडमधलं. मी प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात सावकाश दहा आकडे मोजते. पहिल्या दिवशी ही शांतता असह्य वाटते. मुलांनाही वाटतं, बाईंचं काहीतरी बिनसलं. आठवडाभरात तिची सवय होते आणि मागच्या बाकांवरून एखादा हात वर येतो.

खडू कोणाचं ऐकतो?

वर्गातल्या कोणाला तरी सांगा की आज फक्त मी काय बोलते ते लिहून ठेव. "छान", "अगदी बरोबर", "हं, पण विषयाला धरून सांग", "ते नको" हे शब्द किती वेळा आले ते तास संपल्यावर वाचा.

विचारमंथनाचे नियम ज्याने लोकांपुढे मांडले तो अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातला माणूस. त्याचे चार नियम 1953पासून जगभर फिरताहेत. कल्पना येत असताना टीका नको. चमत्कारिक कल्पनेचंही स्वागत. जितक्या जास्त तितकं बरं. दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोडा. आपण पहिलाच नियम मोडतो, आणि बहुतेकदा कौतुकाने मोडतो. एकाला "छान" म्हटलं की पुढचे तिघं त्याच्यासारखंच बोलतात, आणि ज्याच्या मनात वेगळं होतं तो हात खाली घेतो.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगायला हवी. विषय होता "माझी आई". एक मुलगा म्हणाला, "आई बिड्या वळते. हजार झाल्याशिवाय उठत नाही." मागून कोणीतरी हसलं. वेळ कमी होता, मी म्हणाले, "ते निबंधात नको, तिचं प्रेम, तिचे कष्ट याबद्दल सांग." खरं तर तो तिच्या कष्टांबद्दलच बोलत होता. फळ्यावर मी "आईचे कष्ट" असं लिहिलं आणि त्याची हजार बिड्यांची आई पुसून टाकली. त्या वर्षी तो मुलगा पुन्हा बोलला नाही. तेव्हापासून माझा नियम आहे की मुलाच्या तोंडून आलेला शब्द जसाच्या तसा फळ्यावर जाईल. त्याला गोळीबंद शुद्ध रूप देणं हे माझं काम नाही, निदान पहिल्या दहा मिनिटांत तरी नाही. आणि कोणी हसलं तर तास तिथेच थांबतो.

एक सोपा उपाय म्हणजे खडू मुलांच्या हातात द्या. दोन मुलं फळ्याशी उभी राहून लिहितील, तुम्ही मागच्या बाकावर बसा. निम्मा बिघाड इथेच जातो.

विषय फिरवून बघा

"पाण्याचे महत्त्व" या विषयावर पन्नास मुलं एकच निबंध लिहितात, कारण या शब्दांत विचारण्यासारखं काही नाही. उत्तर त्यातच आहे, पाणी महत्त्वाचं आहे. मग उरलं काय, घोषवाक्यं.

आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्या दिवशी गल्लीत काय होतं हे प्रत्येक मुलाला पाठ आहे. हंडे, कळश्या, बॅरल बाहेर येतात, मोटर लावण्यावरून शेजाऱ्यांची बाचाबाची होते, कोणीतरी "पाणी आलंय ओऽऽ" म्हणून ओरडत जातं, आजी अर्धवट झोपेत नळीचं टोक धरून बसते. विषय "पाणी आलं ती रात्र" असा करून बघा. काही वेगळं शिकवावं लागत नाही. महत्त्वाचं म्हणजे हेच मुलं परीक्षेत "पाण्याचे महत्त्व" या मथळ्याखालीही लिहू शकतात. परीक्षेचा विषय बदलता येत नाही, पण त्याला विचारायचा प्रश्न आपला असू शकतो.

जत्रेचंही तसंच. "मी पाहिलेली जत्रा" म्हटलं की आकाशपाळणा, खेळण्यांची दुकानं आणि "मला खूप मजा वाटली". हीच मुलं दर जानेवारीला गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला जातात. यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, सात नंदीध्वज बघतात. बाराबंदी घातलेला माणूस ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलत निघतो आणि त्याला सावरणारे हात मागेपुढे असतात, हे त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेलं असतं. "हर्र बोला हर्र" कानात साठलेलं असतं. मी विचारलं, "गड्ड्यावरून परत येताना तुमच्या चपलांना काय लागलं होतं?" वर्ग बोलत सुटला. धूळ, राख, भंडारा, कागदी पुंगळीचा कागद, एकाची तर चप्पलच हरवली होती. त्या दिवशीचे निबंध मी अजून जपून ठेवले आहेत.

चाचणी अशी की प्रश्नाचं उत्तर गाईडमध्ये सापडत असेल तर प्रश्न बदला. कुठे होतास, कोण होतं, काय ऐकू आलं, कशाचा वास आला, हे विचारा. "महत्त्व", "फायदे", "तोटे" हे शब्द पहिल्या फेरीत येऊ देऊ नका.

बोलण्याआधी लिहू द्या

आता जरा वेळ खाणारी दुरुस्ती. सगळ्यांनी मिळून मोठ्याने विचार केला की जास्त सुचतं, असं आपण धरून चालतो. 1958 साली येल विद्यापीठात हे तपासलं गेलं. चौघांच्या गटाला एकत्र बसवलं आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. एकेकट्यांच्या एकत्र केलेल्या कल्पना जास्त भरल्या. पुढे 1987मध्ये डील आणि श्ट्रोब या संशोधकांनी त्याचं मोठं कारण दाखवलं. गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे वाट बघतात, आणि वाट बघता बघता स्वतःचं सुचलेलं विसरतात किंवा मनातच खोडतात.

चौघांत हे होतं, तर पन्नास जणांत काय होत असेल?

उपाय म्हणजे पाठकोरे कागद. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या, परिपत्रकांच्या कोऱ्या बाजू. प्रत्येकाला चतकोर कागद द्या. तीन मिनिटं कोणीही बोलायचं नाही, विषयावर जे आठवेल ते लिहायचं, वाक्य नको, शुद्धलेखन बघायचं नाही, नाव घालायचं नाही. मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. त्याने वाचायचं आणि खाली आपलं एक जोडायचं. बर्न्ड रोरबाख या जर्मन माणसाने 1968मध्ये याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटांनी कागद पुढे, म्हणजे अर्ध्या तासात 108 कल्पना. आपल्या तासात ते बसत नाही. मी एका बाकावरची मुलं आणि मागच्या बाकावरची मुलं यांचा गट करते आणि कागद तीनदा फिरवते. दहा मिनिटांत आटपतं.

नाव नसल्यामुळे काय होतं ते पहिल्याच दिवशी कळेल. घरात साचा (यंत्रमाग) असलेली, आई बिडीला जाणारी, वडिलांचं काम सुटलेली मुलं कागदावर ते लिहितात, हात वर करून कधीच सांगणार नाहीत असं. हे कागद मोठ्याने वाचताना मात्र सांभाळा. एखादी ओळ कोणाची हे वर्गाला ओळखू येणार असेल तर ती वाचू नका.

फळ्यापासून वहीपर्यंतची वाट

माझ्या अनुभवात सर्वाधिक बिघाड इथे असतो, आणि इथेच आपण सगळ्यात कमी वेळ देतो. फळ्यावर तीस शब्द आहेत. आपण हात झटकतो, म्हणतो, "चला, आता यावरून लिहा." मुलाच्या दृष्टीने फळ्यावर काय आहे? दुसऱ्यांनी सांगितलेले तीस शब्द, ना एकमेकांशी नातं, ना क्रम, ना त्याच्याशी संबंध. शिवाय इतर विषयांच्या उत्तरपत्रिकांनी त्याला शिकवलं आहे की मुद्दे जितके तितके गुण. म्हणून तो तीसच्या तीस घ्यायला बघतो. तीस मुद्द्यांचा निबंध म्हणजे याद्या लिहिणं.

मी काय करते ते सांगते. पहिली गोष्ट, फळा पुसायचा नाही. दुसरी, प्रत्येकाने फळ्यावरचा एकच शब्द उचलायचा, जो वाचल्यावर त्याला स्वतःचं काहीतरी आठवलं तोच. बाकीचे एकोणतीस सोडून द्यायचे. हे सोडणं मुलांना फार जड जातं. "बाई, बाकीचं नको का?" असं चार वेळा विचारतात. नको म्हणून ठाम सांगा.

समजा "बॅरल" हा शब्द उचलला. मग कच्च्या वहीत त्या एका शब्दाभोवती पाच ओळी. बॅरल कोणत्या रंगाचं, कुठे ठेवलेलं, त्याचं झाकण कशाचं, कोण भरतं, रिकामं झालं की घरात कोण चिडतं. आता फळ्याकडे परत बघायचं आणि या शब्दाचे सोयरे शोधायचे. हा शब्द मुलांनीच दिला. मी "संबंधित मुद्दे निवडा" म्हणत होते तर काही कळेना, एक मुलगी म्हणाली, "म्हंजे ह्याचं सोयरं कोण ते बघायचं ना बाई?" अगदी तेच. बॅरलचे सोयरे आजी आणि पहाटेची झोप. "धरण" आणि "पर्यावरण" हे परके. दोन सोयरे मिळाले की झालं. तिघांना एक, दोन, तीन असे आकडे द्यायचे. हाच आराखडा. याहून मोठा आराखडा आठवी-नववीच्या मुलाला पेलत नाही.

त्यानंतर दोन मिनिटं शेजाऱ्याला तोंडी सांगायचं. या पायरीला माझ्या लेखी फार किंमत आहे. तोंडाने एकदा वाट चालून झाली की हाताला ती ओळखीची होते. ऐकणाऱ्याने फक्त एकच प्रश्न विचारायचा, "मग काय झालं?" जिथे सांगणारा अडखळला तिथे वहीतही अडखळणार हे त्याला आधीच कळतं.

आणि लिहिताना सुरुवातीपासून सुरू करायचं नाही. पहिली ओळ सुचत नाही म्हणून अडलेल्या मुलांची संख्या मोठी आहे. त्यांना सांगा, दोन नंबरच्या शब्दापासून लिही, वर चार ओळी जागा मोकळी ठेव. शेवटी परत येऊन ती भर. नळाच्या रात्रीचं सांगणाऱ्या त्या मुलीने असं केलं तेव्हा तिची सुरुवात झाली, "आजी झोपेतच म्हणाली, भर गं पोरी." ती ओळ मी सुचवलेली नव्हती.

वेळेचं गणितही याच टप्प्यात बसवा. पस्तीस मिनिटांत कागद फिरवायला दहा, निवडायला पाच, तोंडी सांगायला दोन-तीन. उरलेल्यात लिहायला सुरुवात झालीच पाहिजे, पाच ओळी का होईना. विचारमंथन आज आणि लेखन घरी, असं केलं तर घरी मूल फळा आठवायचा प्रयत्न करतं, तो आठवत नाही, आणि गाईड उघडलं जातं. जोडतास मिळत असेल तर लेखनासाठी तो मागून घ्या.

घरची भाषा

पूर्व भागात शिकवणाऱ्याने ही तपासणी टाळू नये. माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. त्यांना सुचतं ते घरच्या भाषेत, आणि हात वर करायच्या आधी मनात भाषांतर करावं लागतं. तेवढ्यात दुसरा बोलून मोकळा होतो. आपल्याला वाटतं, याला काही सुचतच नाही.

पहिली फेरी घरच्या भाषेत होऊ द्या. पाण्याच्या तासाला फळ्यावर पाणी, नीळ्ळु, नीरु, पानी असे चारही शब्द लिहिले तेव्हा वर्गाचा चेहरा बदलला. "बंद पडलेल्या साच्याचे मनोगत" असा विषय घेतला तेव्हा मुलांनी मग्गम, धोटा, कांडी, बीम असे मागावरचे शब्द दिले. त्यातले काही मला मुलांना विचारून समजून घ्यावे लागले. ज्या मुलाला मराठीच्या तासाला कधी बोलताना ऐकलं नव्हतं, तो चादरीवर नक्षी कशी उतरते ते फळ्याजवळ येऊन हातवारे करत सांगत होता. मराठीत आणण्याचं काम दुसऱ्या फेरीत, शेजाऱ्याच्या मदतीने. "पाणी आला", "भाकरी केला" अशा चुका या मुलांच्या लेखनात येतात, कारण तेलुगूत निर्जीव वस्तूंना मराठीसारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. त्या दुरुस्त करायच्या, पण लिहून झाल्यावर. मध्येच थांबवून लिंग सुधारलं की विचार तुटतो.

मुळात माहितीच नसेल तर

ही तपासणी महागडी, कारण तिला दिवस लागतात. विचारमंथन डोक्यात असलेलं बाहेर काढतं. नसलेलं आणू शकत नाही. "आपले हुतात्मे" या विषयावर वर्गाने "त्यांनी देशासाठी बलिदान दिले" या एका वाक्यापलीकडे काही दिलं नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे माझं कितीही थांबणं, कितीही कागद फिरवणं उपयोगाचं नाही. रोज शहरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाणाऱ्या मुलांना चारही नावं येत नव्हती.

मग आठवडा घेतला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1930च्या मे महिन्यात शहरात लष्करी कायदा लागला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला चौघांना फाशी झाली, एवढं मी सांगितलं. बाकीचं मुलांनी आणायचं. एका गटाने पुतळ्यांजवळचा मजकूर उतरवून आणला, एकाने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला "तुमच्या लहानपणी याबद्दल काय ऐकलं होतं" असं विचारलं. पुढच्या तासाला विचारमंथन घेतलं तेव्हा मुलं वाद घालत होती. कुर्बान हुसेन किती तरुण होते, चौघं वेगवेगळ्या समाजांतले कसे एकत्र आले, त्या दिवशी शहराला काय वाटलं असेल.

वैचारिक लेखनाला हे हमखास लागतं. "मोबाइल शाप की वरदान" यावर मुलांकडे अनुभव आहे, तिथे लगेच घ्या. "लोकशाही" यावर नसेल तर आधी त्यांना काहीतरी वाचायला, बघायला, विचारायला द्या.

परीक्षेतलं एकट्याचं विचारमंथन

दहावीचे पालक विचारतात म्हणून एवढंच सांगते. परीक्षेत गट नाही, फळा नाही. दिवाळीनंतर मी कागद फिरवणं हळूहळू बंद करते. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर "कच्चे काम" लिहून चार मिनिटं. सात-आठ शब्द, त्यातला एक आपला, दोन सोयरे, आकडे, आणि मग पान उलटायचं. वर्षभर हाताने केलेलं असेल तर मुलं हे करतात. फेब्रुवारीत नव्याने सांगितलं तर करत नाहीत.

इथे थांबा, आता जाणकाराकडे

वरचं सगळं करून वर्ग लिहिता झाला, पण दोन-तीन मुलं अजून अडलेली असतील तर विचारमंथनाच्या नव्या युक्त्या शोधू नका. दोष तिथे नाही.

आधी त्या मुलाला आठवडाभर पहिल्या बाकावर बसवा. फळ्यावरून उतरवताना होणाऱ्या चुका कमी झाल्या तर डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा या मुलाचं नाव आवर्जून सांगा, आणि ते यायला वेळ असेल तर पालकांना नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. ऐकू कमी येतं का, हेही याच वेळी बघून घ्या.

डोळे, कान ठीक आहेत, तोंडी गोष्ट उत्तम सांगतो, पण लिहिताना अक्षरं गळतात, जोडाक्षरं उलटसुलट होतात, तोच शब्द एका पानावर तीन प्रकारे येतो, चार ओळींना अर्धा तास लागतो, आणि हे महिनोन्महिने बदलत नाही, तर अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका म्हणजे अक्षमता नव्हे, त्या सगळेच करतात. लिंगाच्या चुका घरच्या भाषेतून येतात हे वर सांगितलंच आहे. पण शंका आली तर निदान आपण करायचं नाही. "हा आळशी आहे" म्हणणंही निदानच आहे, आणि तेही चुकीचं. समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षकांना कळवा, तिथून पुढे रुग्णालयातली तपासणी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. तपासणीला वेळ लागतो. म्हणून दहावीच्या सहामाहीपर्यंत थांबू नका, आठवीत लक्षात आलं तर आठवीतच सुरुवात करा.

दुसरी थांबण्याची जागा वेगळी आणि तातडीची आहे. नाव नसलेल्या कागदांवर कधी कधी मूल असं काही लिहितं की वाचून हात थांबतो. घरातली मारहाण, कोणाचा तरी नकोसा स्पर्श, जगू नये असं वाटणं. तो कागद वर्गात वाचायचा नाही, अक्षर कोणाचं याची चर्चा स्टाफरूममध्ये करायची नाही, मुलाला बोलावून खोदून खोदून विचारायचं नाही. ते आपल्याशी बोललं तर शांतपणे ऐकायचं, "सांगितलंस ते चांगलं केलंस" म्हणायचं, पण "कोणालाही सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं आणि 1098 या बालकांच्या मदतक्रमांकावर फोन करायचा, तो चोवीस तास आणि मोफत आहे. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकालाही. मूल जगणं नकोसं झाल्याचं लिहीत असेल तर त्याला एकटं सोडू नका, आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखवण्याबद्दल पालकांशी त्याच दिवशी बोला. घरातच धोका असेल तर पालकांना सांगण्याआधी 1098वर विचारा.

विशेष शिक्षकांकडे जाताना तीन गोष्टी बरोबर न्या. गेल्या सहा महिन्यांतली त्या मुलाची वही, खाडाखोडीसकट. त्याने तोंडी सांगितलेला आणि तुम्ही शब्दशः उतरवून घेतलेला एक निबंध. आणि त्याच विषयावर त्याने स्वतः लिहिलेलं पान. दोन्ही पानं शेजारी ठेवली की पहिल्या भेटीत फार समजावून सांगावं लागत नाही.